बुटक्या टोमॅटोची सात झाडं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघायच्या दिवशी सकाळी मामंजींनी मला परसात हाक मारली. मामंजी म्हणजे माझे सासरे, मारुतराव बर्गे. माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात ते माझ्याशी जे काही बोलले होते ते एका पोस्टकार्डावर आरामात मावलं असतं.

“सूनबाई, तू नारायणगावाकडची. तुझ्या बापाचा टमाट्याचा मळा हाय म्हणं?”

“हो. दोन एकर.”

“मग झाडाला हात लावायला भ्यायची न्हाईस.”

“नाही भीत.”

मोरीची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये खाटेएवढी जागा होती. तिथे टोमॅटोची सात झाडं होती, गुडघ्याच्याही खाली, पानांची दाट. माझ्या डोळ्यांना ती अगदीच बुटकी दिसली. आमच्याकडे या वयाला वेल कमरेला लागतो.

“आठ दिवस मी न्हाई. सकाळी बुडाला पाणी घालायचं, पानावर न्हाई. अळी दिसली तर वेचायची. बाकी काय करायचं न्हाई.”

“बरं,” मी म्हटलं.

सांगून टाकते, त्या वेळी माझं लक्ष झाडांत कमी आणि मामंजींच्या चेहऱ्यावर जास्त होतं. देव्हाऱ्यामागे माझा एक अर्ज ठेवला होता. साताऱ्याच्या अध्यापिका विद्यालयाचा, दोन वर्षांचा डी.एड.चा. बारावीला मला अडुसष्ट टक्के पडले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं, लहानपणापासून, दुसरं काही कधी व्हायचंच नव्हतं. लग्न झालेल्या सुनेने दोन वर्षं वसतिगृहात राहायचं हे कोरेगावात तेव्हा, सत्त्याऐंशी साली, सोपं नव्हतं. माझा नवरा दिगंबर साखर कारखान्यात होता, स्वभावाने गरीब. तो म्हणाला होता, “नाना म्हणतील तसं.” आणि नाना, म्हणजे मामंजी, म्हणाले होते, “डोळ्याचं होऊ दे. मग बघू.” अर्ज महिनाअखेरच्या आत साताऱ्याला पोचायला हवा होता. तेव्हा ही सात झाडं म्हणजे माझी परीक्षाच आहे, असं मी मनाशी पक्कं केलं.

मामंजी आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, साताऱ्याला गेले. दिगंबरची दिवसपाळी होती. घरात मी एकटी. दोन दिवस मी सांगितल्याप्रमाणे बुडाला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी माझ्यातला शहाणपणा उफाळून आला.

‘बाकी काय करायचं न्हाई’ हे मला जरा लागलं होतं. यांना वाटतं, हिला पाणी घालण्यापलीकडे काय येणार. माझे वडील दर आठ दिवसांनी सगळा मळा फिरून प्रत्येक पानाच्या बगलेतला फुटवा नखाने खुडत. फुटवे ठेवले की वेल नुसता पसरतो, चढत नाही. पहिला फुलांचा घोससुद्धा ते काढून टाकत. वेल आधी मांडवावर चढू दे, मग धर म्हणावं फळं. हे मी सात वर्षांची असल्यापासून बघत आणि करत आले होते. आणि इथे तर झाडांच्या बगलाबगलांतून फुटवे माजले होते. मामंजींना दिसत नसल्यामुळे राहून गेलं असणार.

मी पदर खोचला आणि तासाभरात सातही झाडं साफ केली. प्रत्येक बगलेतला फुटवा काढला. शेंड्याला घोस आले होते, तेही काढले. अंघोळ घालून भांग पाडलेल्या पोरांसारखी झाडं रांगेत उभी राहिली. बोटं हिरवीकाळी झाली. खुडलेले फुटवे उकिरड्यावर टाकले, प्रत्येक झाडाशेजारी एकेक काठी रोवली आणि सुतळीही आणून ठेवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढचे पाच दिवस मी वेल चढायची वाट बघत होते. झाडं चढली नाहीत. शेंडा जिथे होता तिथेच होता. पाणी कमी पडत असेल म्हणून दुपारीही घातलं. तरी काही नाही.

नवव्या दिवशी दोघं परत आले. मामंजींच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डाव्यातही मोतीबिंदू होताच, त्यातून त्यांना उजेड आणि आकार एवढंच कळे. मी त्यांना खाटेवर बसवलं. आत्याबाई पाय धुवायला परसात गेल्या आणि लगेच तिकडून दबक्या आवाजात हाक आली.

“शालन, हिकडं ये.”

मी गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

“हे कुणी केलं?”

“मी. फुटवे काढले. चढायला हवीत ना.”

“ही चढत न्हाईत गं,” आत्याबाई कुजबुजल्या. “ही बुटकी जात. शेंड्याला फूल आलं की हिची वाढ सरली. जे काय लागायचं ते ह्या फुटव्यांवर लागायचं. तू काय ठेवलंस?”

मला आधी त्यांचं म्हणणं समजलंच नाही. मग समजलं आणि मी उकिरड्याकडे बघितलं. त्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या बाकीचं सांगितलं. मामंजी सरकारी रोपवाटिकेत हेडमाळी होते. एका वर्षी उंच टोमॅटोच्या वाफ्यात त्यांना एकच बुटकं झाड सापडलं होतं, वीतभर उंचीचं आणि फळांनी लाल झालेलं. त्याचं बी त्यांनी घरी आणलं. दरवर्षी चांगल्यात चांगलं झाड निवडून त्याचंच बी पुढच्या वर्षी लावायचं, असं अकरा वर्षं केलं. काठी नको, सुतळी नको, मांडव नको, तेलाच्या डब्यातसुद्धा कुणालाही लावता यावं असं झाड त्यांना हवं होतं. आणि गेल्या वर्षी डोळ्यांनी धड दिसेना तेव्हा बियांच्या बाटलीत ओल गेली, बुरशी धरली. जेवढं बी उरलं तेवढं सगळं त्यांनी यंदा पेरलं होतं.

“त्यातली ही सात उगवली,” आत्याबाई म्हणाल्या. “दुसरं बी न्हाई.”

तेवढ्यात आतून मामंजींचा आवाज आला. “काय गं, रोपं कशी हायत?”

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी उत्तर दिलं. “झकास हायत. तुम्ही पडा जरा.” आणि मग मला हळूच म्हणाल्या, “डॉक्टरांनी बजावलंय. चिडायचं न्हाई, वाकायचं न्हाई, खोकायचंसुदीक न्हाई. टाके तुटले तर डोळा जाईल. दमानं सांगू.”

खोटं असं सुरू झालं. सुरुवात आत्याबाईंनी केली हे खरं, पण पुढचं सगळं माझं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी परसदारी खुर्ची टाकायला लावली. झाडं तिथून सात-आठ हातांवर. त्यांना वाकायची बंदी आणि ओल्या मातीत पाय टाकायचीही बंदी.

“जा झाडांपाशी,” ते मला म्हणाले. “आता तूच बघायचं आन मला सांगायचं. कशी हायत?”

“बरी आहेत.”

“बरी म्हंजे? एकेक सांग. पहिलं.”

मी पहिल्या झाडापाशी उकिडवी बसले. समोर एक सरळ खोड आणि त्याला पाच पानं.

“पसरलंय छान,” मी म्हटलं. “फुटवे आलेत.”

“किती?”

“सहा.”

“फुलं?”

“कळ्या आहेत. फुलं दोन.”

त्यांनी समाधानाने मान डोलवली. मी दुसऱ्या झाडाकडे सरकले.

वाटलं होतं, एकदोन दिवसांचं आहे. पण मामंजींना ती सकाळची बैठक इतकी आवडली की ते उठल्यापासून वाट बघायला लागले. आणि प्रश्न इतके बारीक विचारत की माझी तारांबळ उडे. “पाचव्याला येवढ्यात फुलं? ते तर मागं असायचं,” असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, “चुकलं, चौथ्याला म्हणायचं होतं.” त्या दिवसापासून मी कॅलेंडरच्या पाठीमागे टिपून ठेवायला लागले. पहिल्याला नऊ फुलं, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला एकवीस. दुसऱ्या दिवशी त्यात थोडी वाढवायची. फार गोड झालं तर संशय येईल म्हणून एक दिवस सहाव्याच्या खालच्या पानावर अळी दाखवली.

“कसली अळी?” मामंजी खुर्चीत पुढे सरकले.

“हिरवी. पाठीवर पांढरी रेघ.”

“वेचलीस?”

“वेचली.”

“शाबास,” ते म्हणाले, आणि आत आत्याबाईंना ऐकू जाईल असं बोलले. “बघ, हिला दिसली. मला चांगल्या डोळ्यानं दिसली नसती.”

मला त्या सकाळी लाजेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चार महिने मुके असलेले मामंजी आता अर्धा अर्धा तास माझ्याशी बोलत होते. रोपवाटिकेतल्या गोष्टी, पहिलं बुटकं झाड सापडल्याची गोष्ट, माझ्या वडिलांच्या मळ्याची चौकशी. मला त्या माणसाचा लळा लागत होता. आणि देव्हाऱ्यामागचा अर्ज मला जाता येता दिसत होता. त्यांच्या डोळ्याच्या टाक्यांची काळजी मला होती, नव्हती असं नाही, पण मी गप्प होते ती अर्जासाठी.

मधल्या काळात मी उकिरड्यावरचे फुटवे उचलून ओल्या मातीत खोचून पाहिले. ते वाळून गेले होते, एकही लागला नाही.

मंगळवारी निकमसाहेबांचं पत्र आलं. हे मामंजींचे जुने साहेब, आता जिल्ह्याच्या ठिकाणी बियाण्यांच्या कामावर होते. मामंजींनी मला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. साहेब रविवारी येणार होते. झाडं पाहून पटलं तर बी घेऊन पुढच्या हंगामात सरकारी शेतावर लावणार होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी येणार होतं.

मामंजींनी पत्र पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाले, “कागद घे. उत्तर लिही.”

मी लिहायला बसले.

“लिही. साहेबांस नमस्कार. आपण जरूर यावे. झाडं फुलांनी लगडली हायत.” ते थांबले. “तिसऱ्याला किती?”

“चोवीस.”

“लिही. तिसऱ्या झाडाला चोवीस फुलं हायत. माझ्या सूनबाईनं सोता मोजली.”

मी लिहिलं. ‘स्वतः’ शुद्ध लिहिलं. मामंजींनी चाचपडत सही केली आणि पत्र पाकिटात घालून दिगंबरकडे दिलं. त्याला बाहेर ओट्यावर नेऊन ते आणखीही काही बोलले. मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होते.

शुक्रवारी रात्री मी दिगंबरला सगळं सांगून टाकलं. शनिवारी पहाटे तो मला म्हणाला, “आता एकच उपाय आहे. मी कुंपणाच्या दोन काठ्या उपटून ठेवतो. शेजारच्या जमदाडेंची शेळी मोकळीच असते. शेळीनं खाल्लं म्हणायचं.”

“आणि मामंजी जमदाडेंच्या दारात भांडायला गेले तर?”

“जातील, भांडतील, चार दिवसांत विसरतील. तू फक्त गप्प राहा. तुझंच भलं आहे.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो परसात गेला. काठ्या उपटल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी चहाचं आधण ठेवलं.

सात वाजता मामंजी खुर्चीत येऊन बसले. आज त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. साहेब उद्या येणार होते, पण यांची तयारी आजपासूनच होती. मला म्हणाले, “आज सगळं सावकाश सांग. उद्या सायबाला मीच सांगणार हाय, तोंडपाठ. पहिलं.”

मी पहिल्या झाडापाशी बसले. कुंपणात दोन काठ्यांची फट दिसत होती. पलीकडे जमदाडेंच्या दारात शेळी होती आणि म्हातारी जमदाडीण तिला पाला घालत होती. मला वाटलं, ही बाई आता काय म्हणून मामंजींची बोलणी खाणार आहे?

“सांग की,” मामंजी म्हणाले.

“मामंजी, पहिल्याला एकही फूल नाही.”

“आं?”

“एकालाही नाही. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी सगळे फुटवे खुडले. घोसही खुडले. मला वाटलं ही चढणारी आहेत. नंतर मी तुम्हाला जे जे सांगितलं ते सगळं खोटं सांगितलं.”

आत्याबाई हातात तांब्या घेऊन दारात येत होत्या, त्या तशाच थबकल्या. मामंजींचा हात वर गेला आणि पट्टीवर टेकला. वाटलं, आता हे ओरडतील, टाके तुटतील आणि हे झाडांसारखं दुसरं पाप माझ्या नावावर लागेल.

ते ओरडले नाहीत.

“तिसऱ्याची चोवीस?”

“खोटी.”

“सायबाला लिहिली ती?”

“हो.”

त्यांनी पट्टीवरचा हात खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, “आन सहाव्याची अळी?”

“तीही नव्हती.”

“अळी कशाला केलीस गं?”

“बाकीचं खरं वाटावं म्हणून.”

त्यावर त्यांनी मान फिरवली. मला आजवर कुणी मारलेलं नाही, पण मार खाल्ल्यावर कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

“मंगळवारी दिगूजवळ मी दोन पाकिटं दिली,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “एक सायबाचं. दुसरं तुझा फारम. सही करून, रजिस्टरनं. त्याला म्हणलं हिला सांगू नको, पट्टी निघाली की मी सोता सांगीन.”

मंगळवारनंतर मी देव्हाऱ्यामागे बघितलंच नव्हतं. तिकडे बघायची मला हिंमतच होत नव्हती.

“दिगूनं इचारलं, नाना, एकदम कसं काय ठरवलंत? म्या म्हणलं, पोरगी नीट बघती आन बघितलं तेवढंच सांगती. कमी न्हाई, जास्ती न्हाई. असल्या माणसानं शाळंत शिकवावं.”

आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला. “मग आता?” त्यांनी विचारलं.

“आता काय? गेला फारम तो गेला. दिलेलं मी परत मागत न्हाई.” ते थांबले. “जाऊ दे तिला.”

त्या सहीवर मी साताऱ्याला गेले. त्या सहीवर मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझ्या सचोटीबद्दल चार जण बोलले, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते आणि लोकांना तो विनय वाटला.

पण त्या सकाळी मामंजींचं काम संपलं नव्हतं.

“बस खाली,” ते मला म्हणाले. “आता खरं सांग. पहिल्यापास्नं. उद्या सायबालाबी तेच सांगायचं हाय.”

मी डोळे पुसून बसले. पहिलं झाड. एक खोड, पाच पानं, शेंडा खुंटलेला. दुसरं तसंच. तिसरं, ज्याला मी चोवीस फुलं दिली होती, त्याची दोन पानं पिवळी पडली होती. मी सांगत होते आणि मामंजी हुं म्हणत होते. मला सांगता सांगता लक्षात आलं की हे मी पहिल्यांदाच बघतेय. रोज इथे येऊन बसत होते, पण कॅलेंडरवरचे आकडे म्हणायला झाडांकडे बघायची गरजच नव्हती. चौथं, पाचवं. सहाव्याचं बुडाचं पान जमिनीला टेकलं होतं. ते मी उचललं.

पानाखाली, बगलेतून, करंगळीएवढा एक फुटवा आला होता. मातीला लागून आडवा गेलेला. खुडताना माझ्या नजरेतून तो सुटला असणार.

“मामंजी, इथे एक फुटवा आहे.”

त्यांनी भिंतीकडून तोंड वळवलं नाही.

“खरंच आहे. खालच्या पानाच्या आड. त्याला फुलं आहेत.”

“किती?”

“चार.”

“चार धरली तर बी ऱ्हातं,” आत्याबाई घाईने म्हणाल्या.

मामंजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पट्टीखालून पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. “सातवं?” त्यांनी विचारलं.

“सातव्याला काही नाही.”

“सहाव्याची पुन्यांदा मोज.”

मी वाकून, बोट लावून मोजू लागले. एक, दोन. तेवढ्यात ते म्हणाले, “तू नको.” आणि दाराकडे तोंड करून आत्याबाईंना म्हणाले, “अगं, तू मोज.”

आत्याबाई आल्या, माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि ते पान त्यांनी माझ्या हातातून आपल्या हातात घेतलं. त्यांनी सावकाश मोजली.

“चारच हायत,” त्या म्हणाल्या, आणि मामंजींनी मान हलवली.